ऑफिसचे फोन: जुन्या लाइनी ठेवाव्यात की इंटरनेटवर न्याव्यात?

गंधाली
नमस्कार मंडळी. आमच्या ऑफिसातलं ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसपुरतं फोन एक्स्चेंज, आता बदलायलाच झालंय. एखादं कार्ड गेलं की स्पेअर मिळत नाही आणि त्याचं प्रोग्रामिंग येणारा माणूसही मिळेनासा झालाय. चाळीसेक एक्स्टेंशन आहेत, बाहेरचे कॉल पीआरआयवर (एकाच जोडणीत अनेक कॉल नेणारी डिजिटल लाइन) येतात, शिवाय काही सुट्या तांब्याच्या लाइनी आहेत. दोन विक्रेते येऊन गेले. एक म्हणतो सगळं क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या त्यांच्या सर्व्हरवर टाका, ऑफिसात नुसते फोन राहतील. दुसरा म्हणतो इंटरनेटच्या नादी लागू नका, नवीन ईपीएबीएक्स घ्या आणि निवांत राहा. खर्चाचे तक्ते दोघांनीही दिले, पण रोजच्या वापरात नेमकं काय बदलतं, आवाज कसा येतो आणि नंतर पस्तावायची वेळ कुठे येते, हे कोणीच सांगितलं नाही. ज्यांनी हे काम जवळून पाहिलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

मध्यलय
आम्ही क्लाउडवर गेलो आणि मागे फिरायचा विचारही नाही. माणूस घरी असो, दौऱ्यावर असो, त्याचं एक्स्टेंशन लॅपटॉपवर किंवा मोबाइलवरच्या सॉफ्टफोनवर वाजतं. जागा बदलली तर फोन उचलून दुसऱ्या टेबलावर लावायचा, झालं. पूर्वी एवढ्यासाठी जंपर (जोडतार) बदलायला माणूस बोलवावा लागायचा. कॉल रेकॉर्डिंग, किती कॉल सुटले याचा हिशेब, जेवणाच्या सुट्टीत वेगळा संदेश, हे सगळं ब्राउझरमधून आपलं आपल्याला करता येतं.

तारायंत्र
गंधाली, मी टॅग ब्लॉकवर (तारा जोडायच्या पट्टीवर) जोड्या मारण्यापासून सुरुवात केली आणि आता बहुतेक कामं एसआयपीची, म्हणजे इंटरनेटवरून कॉल लावायच्या पद्धतीची करतो, म्हणून दोन्ही बाजू लिहितो. थोडं लांबेल.

जुन्या पद्धतीत कॉल लागला की दोन टोकांमध्ये एक वाट राखून ठेवली जाते. तुम्ही बोला किंवा गप्प बसा, ती वाट तुमचीच. डिजिटल एक्स्चेंज आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेतं, प्रत्येक नमुना ८ बिटांचा, म्हणजे ६४ केबीपीएस. तुमच्या पीआरआयची लाइन ई१ असेल तर तिच्यात असे ३० चॅनल बोलण्यासाठी असतात, एक सिग्नलिंगसाठी आणि एक ताळमेळ राखण्यासाठी. सगळे मिळून २.०४८ एमबीपीएस. एकतिसावा कॉल आला तर त्याला बिझी टोन मिळतो. पण चालू असलेल्या तीस कॉलच्या आवाजाला त्याने जराही धक्का लागत नाही.

इंटरनेटवर अशी राखीव वाट नसते. तुमच्या बोलण्याचे २० मिलिसेकंदांचे तुकडे होतात आणि सेकंदाला ५० पॅकेट्स बाकीच्या सगळ्या ट्रॅफिकबरोबर निघतात. कोडेक (आवाजाचे आकडे करायची पद्धत) तोच ६४ केबीपीएसचा जी.७११ धरला तरी प्रत्येक पॅकेटवर पत्त्यांचं ओझं चढतं आणि इथरनेटवर एका दिशेला सुमारे ८७ केबीपीएस लागतात. एकाच वेळी दहा कॉल चालू असले तरी एक एमबीपीएसच्या आतच. आजच्या कनेक्शनला हे काहीच नाही, म्हणून विक्रेता बेधडक सांगतो की तुमची लाइन मोठी आहे, काळजी नको.

पण अडचण सहसा बँडविड्थची नसतेच, पॅकेट वेळेवर पोचण्याची असते. अकाउंट्सवाल्यांनी बॅकअप चढवायला घेतला की अपलोडची बाजू तुंबते आणि राउटरच्या रांगेत आवाजाची पॅकेट्स फाइलच्या पॅकेट्समागे उभी राहतात. ईमेल दोन सेकंद उशिरा गेली तर कोणाला कळतही नाही. आवाजाचं पॅकेट उशिरा आलं तर ते हरवल्यासारखंच, कारण त्याची बोलायची वेळ टळून गेलेली असते. अशा वेळी समोरच्याचं बोलणं तुम्हाला स्वच्छ ऐकू येतं आणि तो मात्र सारखा ‘हॅलो, हॅलो, तुटतंय’ म्हणत राहतो. ही खूण लक्षात ठेवा. ती दिसली की बहुतेक वेळा अपलोडकडे बघायचं. एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा असं आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ या शिफारशीत आहे. त्याच्या बरंच पुढे गेलं की दोघं एकाच वेळी बोलायला लागतात, मग दोघंही थांबतात, मग पुन्हा एकदम बोलतात.

यावर इलाज आहे आणि तो अवघड नाही. फोनसाठी वेगळा व्हीलॅन (त्याच केबलांवरचं स्वतंत्र नेटवर्क) करा. आवाजाच्या पॅकेट्सवर डीएससीपी ४६ची (प्राधान्य सांगणारी) खूण लावून राउटरला सांगा की यांना आधी सोड. आणि राउटरची अपलोड मर्यादा लाइनच्या खऱ्या वेगापेक्षा थोडी खाली बांधा, म्हणजे रांग लागली तरी ती तुमच्या ताब्यातल्या राउटरवर लागेल, पलीकडच्या मोडेममध्ये नाही. यातलं शेवटचं काम जवळपास कोणीच करत नाही, आणि माझ्या मते सर्वांत जास्त फरक त्यानेच पडतो. शिवाय टेबलावरचे फोन केबलवरच ठेवा, वायफायवर नको.

आता वीज. जुन्या फोनला वीज एक्स्चेंजमधून, त्याच दोन तारांवरून यायची, ४८ व्होल्ट डीसी. एक्स्चेंजला बॅटऱ्यांची खोली आणि जनरेटर असायचा. ऑफिसातले दिवे गेले तरी थेट लाइनीवरचा साधा फोन चालू राहायचा. इंटरनेट फोनच्या बाबतीत फायबरचा डबा, राउटर, स्विच आणि फोन, चौघांनाही तुमचीच वीज लागते. पीओई स्विच घेतला तर फोनला वीज नेटवर्कच्या केबलमधूनच मिळते, म्हणजे टेबलाटेबलावर अडॅप्टर नकोत आणि रॅकमधला एक चांगला यूपीएस सगळ्यांना धरून ठेवतो. फायबरचा डबा दाराजवळच्या वेगळ्या सॉकेटवर असेल तर त्यालाही यूपीएसवर घ्या. सगळा रॅक चालू आणि तो एक डबा बंद, असं मी कितीतरी ठिकाणी पाहिलंय.

म्हणून माझं मत विचाराल तर खर्चाचा तक्ता नंतर बघा. वीज, वेळेवर पोचणं, दुरुस्ती, सुरक्षा हे सगळं पूर्वी एक्स्चेंज सांभाळायचं. इंटरनेटवर आलात की त्यातला मोठा वाटा तुमच्या ऑफिसात येऊन पडतो. तो उचलायला नावानिशी कोणी आहे का? असेल तर खुशाल जा, फायदाच होईल. नसेल तर आधी तो माणूस किंवा तशी एजन्सी ठरवा.

खडूफळा
तारायंत्र, बहुतेक सगळं पटलं, पण एका ठिकाणी मतभेद. जुनी लाइन भरवशाची होती हे खरं, ‘आहे’ असं मात्र आता म्हणता येत नाही. एक्स्चेंजच्या आतलं जाळं बऱ्याच ठिकाणी केव्हाच आयपीवर, म्हणजे इंटरनेटच्या पॅकेट पद्धतीवर गेलंय. पीआरआयही आज पुष्कळदा फायबरवरून येतो आणि तुमच्या आवारातल्या एका डब्यात उतरतो, त्या डब्याला वीज तुमचीच. म्हणजे नाव जुनं, बाकी बरंच काही नवं. शिवाय तांब्याची देखभाल करणारे लोक कमी होताहेत. ब्रिटनमध्ये तर जुनं टेलिफोन जाळं पूर्ण बंद करायचं ठरलंय. आधी डिसेंबर २०२५ची मुदत होती, ती जानेवारी २०२७पर्यंत पुढे नेली. तेव्हा नवीन ईपीएबीएक्स घेताना निदान त्याला एसआयपी ट्रंक (इंटरनेटवरून मिळणारी बाहेरची लाइन) जोडता येते का, एवढं तरी बघाच.

तारायंत्र
मान्य. तुमचा मुद्दा माझ्या मुद्द्यापेक्षा पुढचा आहे. विजेची जबाबदारी पीआरआय ठेवूनही टळत नाही, हे मी आधीच स्पष्ट लिहायला हवं होतं, म्हणून इथे लिहितो.

आरस्पानी
ब्रिटनची मुदत पुढे का गेली तेही सांगते, कारण गंधालींच्या कामाचं आहे. एकटे राहणारे वृद्ध मदतीसाठी गळ्यात बटण घालतात, त्याचा अलार्म फोनच्या लाइनीवरून जातो. लाइन इंटरनेटवर गेल्यावर काहींचे अलार्म लागेनासे झाले. मग सगळी घाई थांबवावी लागली.

ऑफिसातही अशाच ‘न बोलणाऱ्या’ लाइनी असतात. गंधाली, तुमच्या त्या सुट्या तांब्याच्या लाइनी कशाला लावल्या आहेत, हे कोणाला पक्कं ठाऊक आहे का? लिफ्टमधला फोन, आगीच्या पॅनेलचा डायलर, चोरघंटा, फॅक्स, एखादं जुनं कार्ड मशीन. इमारतीच्या तळाशी जिथे सगळ्या जोड्या येतात तिथे टेस्टिंगचा फोन घेऊन एकेक जोडी लावून बघायची, डायल टोन आला की स्वतःच्या मोबाइलवर कॉल करायचा, नंबर लिहून घ्यायचा आणि तार कुठे जाते ते डोळ्यांनी पाहायचं. कंटाळवाणं काम आहे. पण बिलात दिसणारा आणि कोणालाच माहीत नसलेला एक नंबर बहुतेक वेळा निघतोच, आणि तो लिफ्टचा निघाला तर?

फॅक्सबद्दल: आवाज दाबणारा जी.७२९सारखा कोडेक असेल तर फॅक्स जाणारच नाही, कारण तो कोडेक माणसाच्या बोलण्यासाठी बनवलाय, मोडेमच्या सुरांसाठी नाही. जी.७११वर एखाददुसरं पान जातं, दहा पानांचा फॅक्स मध्येच तुटतो. त्यासाठी टी.३८ नावाची वेगळी पद्धत आहे, पण ती सेवा देणाऱ्यालाही चालली पाहिजे. विचारून घ्या, तेही लेखी.

निळीशाई
+१. अलार्म आणि लिफ्टवाल्या लाइनी शेवटपर्यंत तशाच ठेवा. त्या त्या कंपनीकडून मोबाइल नेटवर्कवरचं उपकरण बसवून, चाचणी घेऊन, मगच तोडा.

घंटी
मी बरीच वर्षं रिसेप्शनवर आहे, त्यामुळे तारा आणि पॅकेट्सबद्दल नाही, हाताखालच्या फोनबद्दल लिहिते. हा भाग कोणी विचारातच घेत नाही आणि पहिल्या दिवशी सगळा गोंधळ इथेच होतो.

जुन्या लहान सिस्टीमवर बाहेरच्या लाइनींची बटणं सगळ्या फोनवर असायची. मी कॉल होल्डवर टाकला की सगळ्यांच्या फोनवर तो दिवा लुकलुकायचा. आतल्या खोलीत हाक मारायची, ‘तीन नंबरवर तुमचा फोन आहे’, ते तीनचं बटण दाबून बोलायला लागायचे. नव्या सिस्टीममध्ये होल्ड म्हणजे फक्त माझ्या फोनवरचा होल्ड. तो कॉल दुसऱ्या कोणाला दिसतच नाही. त्यासाठी ‘पार्क’ असतं: कॉल पार्क केला की त्याला एक नंबर मिळतो, तो नंबर कोणत्याही फोनवरून डायल केला की कॉल उचलता येतो. एकदा सवय झाली की जुन्यापेक्षा सोयीचं आहे, कारण माणूस कुठल्याही मजल्यावर असला तरी उचलू शकतो. पण हे आधी कोणी दाखवलं नाही तर पहिल्या सकाळी ग्राहक होल्डवर, रिसेप्शनिस्ट रडकुंडीला आणि साहेब विचारताहेत की लाइन तीन कुठे गेली.

दुसरं, कोण बोलतंय आणि कोण मोकळं आहे हे एका नजरेत दिसलं पाहिजे. त्यासाठी बीएलएफची बटणं येतात, हिरवा म्हणजे मोकळा, लाल म्हणजे बोलतोय. रिसेप्शनच्या फोनला अशा बटणांचं जोडपॅनेल लावून घ्या. स्क्रीनवरची यादी माउसने शोधत बसायला कॉलची गर्दी असताना वेळ नसतो. आणि फोन ठरवायच्या बैठकीला रिसेप्शनवरच्या माणसाला बोलवा. एवढी एक गोष्ट केलीत तरी पुष्कळ आहे.

गंधाली
घंटी, अगदी मनापासून आभार. आमच्याकडे अशीच हाक मारायची पद्धत आहे! आरस्पानी, सुट्या लाइनींचं खरंच कोणाला नक्की माहीत नाही, शोधायला लावते. तारायंत्र, अजून एक: एसआयपी ट्रंक घेताना चॅनल किती घ्यायचे? आणि आवाज जुन्यापेक्षा चांगला असतो हे खरं का?

तारायंत्र
आधी आवाज. जुन्या फोनवर ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढीच पट्टी जाते. ‘स’ आणि ‘फ’ यांना वेगळं करणारा भाग बराचसा त्याच्या वर असतो, म्हणून नाव सांगताना अक्षर अक्षर फोडून सांगावं लागतं. जी.७२२ कोडेक तितक्याच ६४ केबीपीएसमध्ये ७००० हर्ट्झपर्यंत नेतो, आणि फरक पहिल्याच वाक्यात कळतो. मात्र दोन्ही टोकांना आणि मधल्या सगळ्या वाटेवर तो चालला तरच. ऑफिसातल्या ऑफिसात, दोन शाखांमध्ये नक्की मिळेल. ग्राहकाचा कॉल जुन्या जाळ्यातून आला तर जुनाच आवाज.

चॅनलचं गणित शंभर वर्षांपूर्वीच झालंय. कोपनहेगन टेलिफोन कंपनीत काम करणारे डॅनिश गणिती ए. के. एरलांग यांनी १९१७ मध्ये ते मांडलं. तुमच्या सर्वांत गर्दीच्या तासात बाहेरचे १०० कॉल होतात आणि एकेक सरासरी ३ मिनिटांचा आहे असं धरा. एकूण ३०० मिनिटं, भागिले ६०, म्हणजे ५ एरलांग. म्हणजे सरासरीने पाच चॅनल भरलेले. पण पाचच घेतले तर चारातल्या एकाहून जास्त कॉलना बिझी मिळेल, कारण कॉल ओळीने येत नाहीत, झुंडीने येतात. शंभरात एकापेक्षा जास्त कॉल अडू नये असं हवं असेल तर कोष्टकात ११ येतात. आपापसातले कॉल यात धरू नका. दोन गोष्टी मात्र धरा: रांगेत संगीत ऐकत थांबलेला ग्राहकही चॅनल अडवतो, आणि आलेला कॉल तुम्ही तुमच्या ट्रंकवरून बाहेरच्या मोबाइलवर वळवला तर दोन चॅनल जातात, एक येणारा, एक जाणारा.

आणि हो, दोन विक्रेत्यांनी दोनच पर्याय दिले, पण मधला एक आहे. आयपी-पीबीएक्स, म्हणजे नेटवर्कवर चालणारं ऑफिसचं एक्स्चेंज, तुमच्याच रॅकमध्ये ठेवायचं आणि बाहेरसाठी एसआयपी ट्रंक घ्यायची. इंटरनेट गेलं तरी टेबलाटेबलांमधले कॉल चालू राहतात. निव्वळ क्लाउडवर शेजारच्या टेबलाचा कॉलही सहसा बाहेरच्या सर्व्हरवर नोंदणी असेल तरच लागतो. मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये सुरू केलेलं अ‍ॅस्टेरिस्क हे खुलं सॉफ्टवेअर कित्येक अशा सिस्टीमच्या पोटात असतं. गेटवे (जुनी लाइन आणि आयपी यांना जोडणारा डबा) लावून तुमचा पीआरआयही त्याला काही काळ जोडून ठेवता येतो. चाळीस एक्स्टेंशनला मी हाच मार्ग धरला असता, अर्थात ते सांभाळणारा माणूस आहे हे गृहीत धरून.

मध्यलय
याच्या उलट बाजूही बघा. ऑफिसचं इंटरनेट गेलं तेव्हा आमचे बाहेरून येणारे कॉल क्लाउडवरून आपोआप मोबाइलवर वळले. ग्राहकांना कळलंही नाही. रॅकमध्ये पीबीएक्स असेल तर ट्रंक देणाऱ्याकडे अशी सोय आहे का ते विचारावं लागेल.

तारायंत्र
बरोबर, विचारायलाच हवं. बहुतेक जण देतात, पण सुरू करून मागावी लागते.

रात्रपाळी
सुरक्षेबद्दल अजून कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. एसआयपीचं पोर्ट ५०६० इंटरनेटवर उघडं टाकलंत की फार वेळ जात नाही, यंत्रं दार ठोठावायला लागतात. दिवसरात्र १०१, १०२, १०३ असे एक्स्टेंशन आणि त्यांचे सोपे पासवर्ड लावून बघत राहतात. एक जरी लागला तर सुट्टीच्या रात्री, ऑफिसात कोणी नसताना, तुमच्या सिस्टीममधून परदेशातल्या महागड्या नंबरांवर कॉल सुरू होतात. त्या नंबरांच्या कमाईत फसवणाऱ्याचा वाटा असतो. बिल तुमच्या नावावर येतं आणि ‘हे आम्ही केले नाहीत’ या म्हणण्याला फारशी किंमत राहत नाही.

जुन्या ईपीएबीएक्सवरही हे होत असे, व्हॉइसमेलच्या किंवा बाहेरून लाइन घ्यायच्या सोयीतून. पण आता दार जगभराला उघडं आहे. तेव्हा फायरवॉलमध्ये फक्त ट्रंक देणाऱ्याचे पत्ते आत येऊ द्या, घरून काम करणाऱ्यांना व्हीपीएनवरून (इंटरनेटवरच्या सुरक्षित खासगी जोडणीवरून) आणा, पासवर्ड लांब आणि यंत्राने बनवलेले ठेवा. आंतरराष्ट्रीय कॉल मुळात बंद, ज्याला लागतात त्यालाच चालू. आणि ट्रंक देणाऱ्याकडे रोजच्या खर्चाची कमाल मर्यादा बांधून घ्या. मर्यादा गाठली की लाइन आपोआप थांबली पाहिजे. कॉल ऐकले जाऊ नयेत म्हणून टीएलएस आणि एसआरटीपी चालू करता येतं, बहुतेक नव्या फोनमध्ये असतं.

आरस्पानी
आणीबाणीच्या नंबरांचंही बघा. अमेरिकेत २०१३ मध्ये टेक्सासमधल्या एका मोटेलच्या खोलीत कॅरी हंट यांच्यावर जीवघेणा हल्ला झाला. त्यांची नऊ वर्षांची मुलगी ९११ लावत राहिली, पुन्हा पुन्हा लावत राहिली. कॉल गेला नाही, कारण त्या फोनवर बाहेरच्या लाइनीसाठी आधी ९ दाबावा लागायचा. त्यांच्या नावाने कायदा झाला आणि फेब्रुवारी २०२०पासून तिथल्या नव्या सिस्टीमवर ९११ थेट लागणं सक्तीचं आहे. आपल्याकडे कायदा असो नसो, पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका हे नंबर ० किंवा ९ न लावता आणि लावूनही, दोन्ही पद्धतींनी लागले पाहिजेत असं प्रोग्रामिंग करून घ्या. इंटरनेट फोनमध्ये आणखी एक मेख आहे: फोन दुसऱ्या शाखेत नेला तरी नोंदीत पत्ता जुनाच राहू शकतो. मदत भलत्याच जागी जाईल.

पिंपळपान
धागा वाचतोय, फार उपयोगी आहे. विषय निघालाच आहे तर आमची अडचण विचारतो. रॅकमध्ये आयपी-पीबीएक्स आहे. बाहेरून आलेला कॉल उचलला की दोन्हीकडून आवाज छान, पण अर्ध्या मिनिटात कट. दर वेळी तेवढ्यातच. इंटरनेटवाले म्हणतात लाइन ठीक आहे.

तारायंत्र
घड्याळ लावून बघा, ३२ सेकंद भरतील. लाइन ठीकच आहे. तुम्ही कॉल उचलला की तुमचं पीबीएक्स पलीकडे ‘२०० ओके’ पाठवतं आणि त्याची पोच, म्हणजे ‘एसीके’, परत यायची वाट बघतं. पोच आली नाही की तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवतं आणि ३२ सेकंदांनी, आरएफसी ३२६१ या एसआयपीच्या नियमावलीत ठरल्याप्रमाणे, कॉल सोडून देतं. आवाजाचा प्रवाह वेगळा असतो म्हणून तोवर बोलणं नीट चालतं. पोच हरवते कारण तुमचं पीबीएक्स पत्ता म्हणून १९२.१६८ने सुरू होणारा आतला पत्ता देतंय, बाहेरच्याला तो कसा सापडणार? पीबीएक्सच्या सेटिंगमध्ये बाहेरचा सार्वजनिक आयपी भरा आणि राउटरवरचं ‘एसआयपी एएलजी’ बंद करा. हे एएलजी मदतीसाठी दिलेलं असतं, पण निरोपातले पत्ते चुकीचे बदलून ठेवतं. एकीकडचाच आवाज येणं, फोन वाजून उचलता न येणं, याही तक्रारी बऱ्याचदा त्यानेच होतात.

पिंपळपान
बाहेरचा आयपी भरला, एएलजी बंद केलं. कॉल टिकतोय! खूप धन्यवाद.

गंधाली
सगळ्यांचे आभार. ठरवलंय ते असं: आधी लाइनींचा शोध, मग रॅकचा यूपीएस आणि स्विच, त्यानंतर एका विभागाचे फोन आयपीवर, पीआरआय चालू ठेवून. नंबर मात्र तेच हवेत, ग्राहकांकडे वर्षानुवर्षं आहेत. त्याबद्दल काही सूचना?

निळीशाई
तुमच्या लाइनींचे नंबर पोर्ट होतात का, म्हणजे तेच नंबर नव्या कंपनीकडे नेता येतात का, ते आधी विचारा. येत असतील तर जुनी सेवा बंद करायचा अर्ज आधी अजिबात देऊ नका. सेवा बंद झाली की नंबर सुटतो आणि मग तो परत मिळवणं कठीण. पोर्टिंगचा अर्ज नव्या कंपनीमार्फत जाऊ द्या. अर्जातलं नाव आणि पत्ता जुन्या बिलावर आहे अगदी तसाच लिहा, एवढ्याशा फरकाने अर्ज परत येतो. पायलट (मुख्य) नंबरबरोबर डीआयडीची, म्हणजे एकेका एक्स्टेंशनवर थेट लागणाऱ्या नंबरांची पूर्ण मालिका अर्जात आहे ना ते तपासा. आणि पोर्टिंगचा दिवस आठवड्याच्या मधला मागून घ्या, म्हणजे काही अडलं तर दुसऱ्या दिवशी फोन उचलणारा माणूस त्या कंपनीत हजर असेल.